शंभरातले अकरा

९ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे सगळं कामाचंच आहे.

तुझी आई म्हणते, फोन का नाही करत. तिला सांग, चाळीस वर्षं भोकं पाडायच्या यंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला फोनवर अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्याला तो हो म्हणतो. मागच्या महिन्यात असंच हो म्हणून दोनशे किलो घोड्याचे केस मागवून बसलो. तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की मी लिहितो.

महत्त्वाचं असं की कारखान्याला गिऱ्हाईक आलं आहे. ब्रशाला नव्हे, अख्ख्या कारखान्याला. मोठी कंपनी आहे, झाडूपासून रंगाच्या ब्रशापर्यंत सगळं करते. त्यांचे एक साहेब येऊन गेले. वयाने तुझ्याएवढेच असतील, पण बूट इतके चकचकीत की आपला बुटांचा ब्रश त्यांना दाखवायची मला लाज वाटली. अर्ध्या तासात सगळं बघितलं, चहा अर्धा टाकला आणि एक आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला. तुझी मामी म्हणाली, वाईट नाही. मला झोंबला. वर म्हणाले, "यंत्रं जुनी आहेत, माणसंही जुनी आहेत, पण तुमच्या नावाची आम्हाला कदर आहे." मोडीत घालताना पातेल्याचं कौतुक करतात ना, तसं.

मुंगे, सव्वीस माणसांचा हा कारखाना एक वर्षही तोट्यात गेलेला नाही. तू ऑफिसात बसून दिवसभर एका कंपनीला दुसरीशेजारी उभी करून जोखतेस, असं तुझी आई सगळ्यांना सांगत असते. तिला त्यातलं काही कळत नाही, मलाही नाही. तर आता आम्हाला जोख. आमच्यासारखे चार-पाच ब्रशवाले घे आणि कोण किती पाण्यात आहे ते एका कागदावर मांडून दे. तो कागद मी त्या साहेबांपुढे ठेवणार आहे. चार वर्षांचे हिशोब सोबत पाठवतो. मामीच्या अक्षरात आहेत, म्हणजे वाचता येतील.

त्यांना उत्तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं आहे.

मामा

२४ जानेवारी

मामा,

नमस्कार. चष्मा लावून वाचा, यात आकडे आहेत.

आमच्याकडे या कामाला बेंचमार्किंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. एकटाच धावणारा नेहमी पहिला येतो, म्हणून त्याला बरोबरीच्यांसोबत पळवून बघायचं. अवघड असतं ते बरोबरीचे शोधणं. तुम्हाला त्या मोठ्या कंपनीशेजारी उभं करण्यात अर्थ नाही, हत्तीची आणि शेळीची उंची मोजून काय कळणार? मी पाच कारखाने निवडले. सगळे ब्रशवाले, वीस ते साठ माणसांचे, ज्यांचे वर्षाचे हिशोब कुणालाही मागवता येतात. त्यांतला एक तुमच्या नदीपलीकडचा आहे, एक बाई चालवतात तो.

सगळ्यांची विक्री सारखी नाही, म्हणून प्रत्येकाची विक्री शंभर धरली आणि त्या शंभरातले किती कुठे गेले ते पाहिलं. कच्च्या मालाला त्यांचे एकोणपन्नास जातात, तुमचे सेहेचाळीस. म्हणजे खरेदीत तुम्ही त्यांच्यापेक्षा पक्के आहात (घोड्याचे केस धरूनसुद्धा). मजुरी मात्र त्यांची एकोणीस आणि तुमची एकतीस. तयार झालेला माल तुमच्या कोठारात सरासरी एकशे चाळीस दिवस पडून असतो, त्यांच्याकडे पन्नास. हे दोन आकडे मला खटकले.

पण सगळा खर्च वजा जाता त्या पाच जणांकडे शंभरातले सरासरी सात उरतात, आणि तुमच्याकडे अकरा. पाचांत एकाकडेही अकरा नाहीत.

एक-दोन रकाने मला नीट लागले नाहीत, ते पुढे कधीतरी निवांत बघू. तक्ता सोबत जोडला आहे. मामीला सांग... म्हणजे सांगा, की तिच्यासारखं अक्षर आमच्या अख्ख्या ऑफिसात कुणाचं नाही.

मुंगी

२ फेब्रुवारी

मुंगे,

अकरा! मी तुझं पत्र चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. फोरमनला शंभर, सात, अकरा हे सगळं दोनदा समजावून द्यावं लागलं, पण एकदा कळल्यावर त्यानेच तो तक्ता जेवायच्या खोलीत भिंतीला चिकटवला. तारेने झुपके बांधणारा आपला तारवाला म्हातारा, जो कधी कशालाच बरं म्हणत नाही, तो म्हणाला, "म्हणजे आपण पाचांत पहिले." मग मला म्हणाला, कंपन्या चालवणाऱ्यांना कळत नाही ते पोरीला कळलं.

काल त्या साहेबांना पत्र टाकलं. नम्रपणेच लिहिलं, पण लिहिलं की शंभरातले सात कमावणाऱ्यांना तुम्ही जी किंमत द्याल, ती अकरा कमावणाऱ्याला देऊ नका, आणि आम्हाला विकायचं नाही.

मजुरीचं आणि कोठाराचं म्हणशील तर ते असू दे. माणसं आपली आहेत आणि माल काही कुजत नाही.

तुझी फी भरताना मला लोक म्हणायचे, भाचीवर एवढा खर्च कशाला. त्यांना बोलवून तो तक्ता दाखवावा असं वाटतंय.

मामा

११ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र आजच मिळालं. तो नकार खरंच पाठवून झाला आहे का? अजून टपालात घातला नसेल तर कृपा करून थांबा.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कारखान्याच्या इमारतीचं भाडं हिशोबात कुठे दिसत नाही, ते कोण भरतं? चार वर्षांत मालकाच्या पगाराच्या रकान्यात शून्य आहे, ते शून्य खरंच शून्य आहे का? आणि हिशोब लिहिणं, बिलं करणं, पार्सलं पाठवणं हे सगळं एकाच अक्षरात आहे, त्या कामाचा पगार कुठे लिहिला आहे?

लवकर कळवा.

मुंगी

६ मार्च

मुंगे,

मामी लिहिते आहे. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रोज सदरा बदलताना पत्र जुन्यातून काढतात आणि नव्यात ठेवतात. बोलत नाहीत. शेवटी काल धुवायला टाकताना मी ते काढून वाचलं.

नकार तेव्हाच पोचला होता. त्या कंपनीने गेल्या आठवड्यात दुसराच एक कारखाना घेतला. ह्यांना पेपरात कळलं. 

तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी देते. इमारत ह्यांच्या नावावर आहे, मग भाडं कोण कुणाला देणार? कुणी देत नाही. पगार ह्यांनी नऊ वर्षांपूर्वी बंद केला. त्या वर्षी मंदी होती, म्हणाले, दोन-चार महिने चालवून घेऊ. मग दुसऱ्या वर्षी म्हणाले, पगार घेतला नाही तर कारखाना फायद्यात दिसतो, बँकेला बरं वाटतं. तिसऱ्या वर्षी काही म्हणाले नाहीत. आमचं घर वरच्या मजल्यावरच्या शिवणक्लासच्या भाड्यावर चालतं. दोघांना किती लागतं? ताईंना, तुझ्या आईला, यातलं काही माहीत नाही, आणि तूही सांगू नकोस. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे, असं ह्यांचं म्हणणं.

तुझा तिसरा प्रश्न मला कळलाच नाही. ते सगळं मीच बघते. मग पगार कुठला?

आता तू मला एक सांग. भिंतीवर तो अकराचा तक्ता अजून आहे. जेवताना माणसं त्याच्याकडे बघतात. तो खरा आहे का? जे असेल ते लिही, आणि ह्यांच्याच नावाने लिही. ह्यांच्या पाठीमागे काही नको.

तुझी मामी

१५ मार्च

मामा,

तो तक्ता खरा नाही. त्यातले आकडे तुमच्या वह्यांतलेच आहेत, बेरजा बरोबर आहेत, तरी तो खरा नाही.

त्या पाच जणांच्या शंभरातले पाच भाड्याला जातात. व्यवस्थापनाला आणि कचेरीला नऊ. तुमच्याकडे या दोन्ही जागी काहीच नाही. म्हणजे मी पाच माणसांना भरलेली पोती देऊन पळवलं, तुम्हाला रिकाम्या हाताने, आणि तुम्ही पुढे आलात म्हणून टाळ्या वाजवल्या. तुमच्या इमारतीला बाजारात येईल ते भाडं धरलं तर पाच होतं. तुमचं काम करायला बाहेरचा माणूस ठेवला तर त्याचा पगार सहा. मामीचं काम करायला कुणी ठेवलं तर तीन. मामी म्हणते पगार कुठला. मी तिच्या चार वर्षांच्या वह्या पाहिल्या आहेत, महिन्याला साडेतीनशे बिलं आणि सहाशे पार्सलं. तीन हा आकडा मी हात राखूनच लिहिला आहे.

पाच, सहा आणि तीन, चौदा. अकरातून चौदा गेले की उणे तीन. कारखाना शंभराच्या विक्रीमागे तीन गमावतो आहे, आणि ती तूट तुम्ही दोघं नऊ वर्षं आपल्या अंगावर घेत आला आहात.

याहून वाईट गोष्ट आता लिहिते. पगाराच्या रकान्यातलं शून्य मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. "रकाने नीट लागले नाहीत" असं मी लिहिलं, ते खोटं होतं. चांगले लागले होते. ज्यांनी माझी फी भरली त्यांना नापास कसं करायचं, असं वाटलं. म्हटलं आधी अकरा सांगू, तुम्हाला बरं वाटेल, मग हळूहळू उरलेलं. तुम्ही आठ दिवसांत त्यावर नकार देऊन मोकळे व्हाल हे मनात आलं नाही. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं.

मी मग आठवडाभर बसून तुमचा धंदा दोन भागांत वेगळा केला, तेही तुम्हाला कळायला हवं. यंत्रांत फिरणारे गोल रूळ-ब्रश तुमच्या विक्रीच्या एक तृतीयांश आहेत. त्यांच्यावर सगळे पगार, भाडं धरूनही शंभरातले अठरा उरतात. पाचांत कुणाला एवढे जमत नाहीत. पण तुमच्या रुळासाठी गिऱ्हाईक नऊ आठवडे थांबतं, त्या पाच जणांकडे चार. बाकीचे दोन तृतीयांश म्हणजे घरगुती ब्रश, कपड्यांचे, बाटल्यांचे, बुटांचे. त्यांत शंभरामागे साडेतेरा बुडतात.

त्या भागात पंधरा माणसं आहेत हे मला माहीत आहे. म्हणून पुढे काय करा ते मी लिहीत नाही.

रागवा, पण गप्प बसू नका.

मुंगी

२० मे

मुंगे,

रागावलो. दोन महिने रागावलो होतो. तुझ्यावर आठ-पंधरा दिवस, मग मामीवर, की तिने तुला सगळं का सांगितलं. मग राग कुणावर काढायचा ते सुचेना, तेव्हा भिंतीवरचा तक्ता फाडला. तो अर्धाच निघाला. डिंक फोरमनने लावला होता, त्याचं कुठलंच काम कच्चं नसतं.

तुझ्या पत्रातलं सगळं मला पटलं नव्हतं. आपल्या इमारतीचं भाडं आपणच आपल्याला द्यायचं, हा मला हिशोबनिसांचा खेळ वाटला. आणि मालकाला कसला पगार? उरेल तो मालकाचा. म्हटलं, कागदावर जोखलेलं नको, एकदा डोळ्यांनी बघू. एप्रिलच्या शेवटी नदीपलीकडे त्या बाईंच्या कारखान्यात गेलो. केस जास्त झालेत, तुम्हाला हवेत का, असा बहाणा केला.

बाई माझ्याहून वयाने थोड्या लहान. हाताला तारेचे व्रण, म्हणजे कचेरीत बसून चालवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी केस घेतले नाहीत, पण कारखाना दाखवला. कोठाराचं दार उघडलं तर आत निम्म्या फळ्या रिकाम्या. मला मनातून बरं वाटलं, म्हटलं बाईंकडे काम नाही. तसं त्यांना बोलूनही दाखवलं, जरा गोड शब्दांत. त्या म्हणाल्या, काम भरपूर आहे, माल गिऱ्हाईकाकडे गेला आहे. मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे शंभरात किती उरतात? तोंडाला सवय झालेली, मी सांगून टाकलं, अकरा.

"तुमचा पगार धरून?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. मालकाला कसला पगार, तेच म्हणालो.

बाई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचे हेही तेच म्हणायचे. ते गेले, आणि मी त्यांच्या जागी माणूस शोधायला निघाले. पहिल्याने पगार सांगितला तेव्हा वाटलं लुटतोय. दुसऱ्याने, तिसऱ्यानेही तेवढाच सांगितला. तेव्हा मला कळलं की आमचा कारखाना सहा वर्षं तोट्यात होता. मला वाटायचं आम्ही कमावतोय. आम्ही त्यांना खात होतो."

मी त्यांना नमस्कार केला आणि निघालो. पुलावर मध्येच थांबावं लागलं. बाईंच्या यजमानांचं मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी त्यांचा विचार करतच नव्हतो. त्यांच्या जागी मी तुझ्या मामीला बघत होतो. माझं एक वेळ ठीक आहे, मी माझ्या हट्टाने फुकट राबलो. तिला कुणी विचारलं होतं? तुझ्या पत्रातला तो तिच्या कामाचा परिच्छेद तिने तीनदा वाचला होता. मी तिथेच बसलो होतो. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, सहाशे नाहीत, साडेसहाशे असतील.

दुसऱ्या दिवशी फोरमनला घेऊन कोठारात शिरलो. तीन दिवस मोजलं. बाटल्यांचे चार हजार ब्रश निघाले, ज्या मापाची बाटली आता कुणी बनवतच नाही. मी फोरमनला विचारलं, हे आपण का बनवले.  मग मीच सांगितलं, कारण बनवायला मीच सांगितले होते. ऑर्डर नसायची, माणसांना घरी पाठवायला मन होत नसे, म्हणून आपले ब्रश भरत बसवायचो. फोरमनने ढिगातला एक ब्रश उचलला. म्हणाला, "आम्हाला वाटायचं ऑर्डरी आहेत."

मुंगे, तो शब्द मला त्या साहेबांच्या आकड्यापेक्षा जास्त लागला. त्यांना कामाला ठेवून मी उपकार करतोय असं समजत होतो, आणि त्यांची वर्षं मी कोठारात रचून ठेवली.

तुझ्या गप्प बसण्याबद्दल. तू ते शून्य पंधरा दिवस बघून गप्प राहिलीस. मी नऊ वर्षं बघत होतो. तेव्हा तुला काय बोलणार? पण पुन्हा असं करू नकोस. मी फी भरली ती तुला खरं कळावं म्हणून, आणि कळलेलं मला गोड करून सांगावंस म्हणून नव्हे.

परवा सगळ्यांना जेवायच्या खोलीत बसवून नवा आकडा सांगणार आहे, उणे तीन. अर्धा तक्ता भिंतीवर आहेच, त्याच्याच शेजारी लिहीन.

मामा

३ जून

मामा,

तुमचं पत्र घेऊन मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. पुन्हा असं होणार नाही, एवढंच लिहिते.

एक लक्षात ठेवा. त्या पाचांसारखं होणं हे काही तुमचं काम नाही. त्यांच्या मजुरीचा आकडा एकोणीस आहे आणि तुमचा एकतीस, म्हणून वरच्या बाराइतकी माणसं कापून टाकायची, असा त्याचा अर्थ मी काढलेला नाही आणि तुम्हीही काढू नका. तक्ता फक्त बोट दाखवतो की इथे बघा. तुमची रुळाची गिऱ्हाइकं नऊ आठवडे थांबतात, आणि शेजारच्याच खोलीत माणसं कुणाला नको असलेले ब्रश भरतात. मी तिथे बघेन. रूळ भरायला घरगुती ब्रश भरणाऱ्याला किती दिवस लागतात शिकायला, ते मला इथे बसून कळणार नाही. फोरमनला विचारा.

आणि भिंतीवर उणे तीन लिहाल तेव्हा तिथे तुम्ही दोघांनी किती घातले तेही लिहा. नाहीतर त्यांना वाटेल की तूट त्यांच्यामुळेच आहे.

मुंगी

१२ ऑक्टोबर

मुंगे,

उशीर झाला, पण या वेळी खिशात पत्र घेऊन फिरत नव्हतो. हात मोकळा नव्हता.

मी सगळ्यांना सांगितलं तो दिवस अवघड गेला. तू म्हणालीस तसं भाडं, माझा पगार, मामीचा पगार सगळं खडूने भिंतीवर मांडलं. तारवाला म्हातारा म्हणाला, मालक, हे आम्हाला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर आम्ही तेव्हा पन्नाशीत होतो, दुसरीकडे काम मिळालं असतं.  

फोरमनच्या मते ब्रश भरणाऱ्याला रूळ शिकायला सहा आठवडे लागतात, हात चांगला असेल तर चार. पंधरांपैकी आठ जण शिकले. त्यांतल्या एका बाईंचा रूळ आता फोरमनपेक्षा सफाईदार उतरतो आणि फोरमन ते कुणी विचारल्याशिवायच सांगतो. तिघं घरगुती ब्रशावर आहेत, पण हातात ऑर्डर आल्याशिवाय एक झुपकासुद्धा भरायचा नाही असा नियम केला आहे. राहिले चार. कोठारातला माल एकगठ्ठा मिळेल त्या भावाने काढला, निम्मं कोठार एका पुठ्ठेवाल्याला भाड्याने दिलं आणि त्यातून चौघांचं जे द्यायचं ते सगळं दिलं, वर सहा महिन्यांचा पगार दिला. तिघं जाताना निरोप घेऊन गेले. चौथा तारवाला म्हातारा, अठ्ठावीस वर्षं होता. बाजारात दिसला की रस्ता ओलांडतो. मी हाक मारत नाही. रस्ता ओलांडायचा त्याला हक्क आहे.

रूळ आता पाच आठवड्यांत जातो. भाड्याच्या रकान्यात आकडा आहे. माझ्या पगाराच्या रकान्यातही आहे. जूनच्या शेवटी मी मामीला पाकीट दिलं तेव्हा ती म्हणाली, हे कुणाला द्यायचं? तुला, म्हटलं. तिने पाकीट उघडलं नाही, आधी वहीत नोंद केली, स्वतःच्या नावापुढे. मग दुपारभर तिच्या बेरजा चुकत होत्या.

मामा

१८ फेब्रुवारी

मुंगे,

या वेळी मीच लिहिते, कारण हे स्वतः लिहायला लाजतात. वर्षाचा हिशोब काल पुरा झाला. सगळे पगार, भाडं, त्या चौघांना दिलेलं, सगळं धरून शंभरातले दोन उरले. तुझ्या पाचांचे सात आहेत म्हणजे आम्ही सगळ्यांत शेवटी. पण ह्यांनी तो आकडा स्वतः भिंतीवर लिहिला. म्हणाले, अकराचं मला ओझं वाटायचं, हे दोन माझे आहेत.

आता माझी बातमी. मी कारखान्याची नोकरी सोडते आहे. तुला हसू येईल, पण पगार मिळायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे काम सोडताही येतं. एकवीस वर्षं ते माझ्याकडे नोकरी म्हणून नव्हतंच, मग राजीनामा कशाचा देणार? माझे डोळे दुखतात, आणि सकाळचा पेपर मला एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून बघायचा आहे. ह्यांना लेखी दिलं, एक महिन्याची मुदत दिली, तुमच्या ऑफिसात देतात तशी. ह्यांनी वाचलं आणि खाली सही केली. तारीख घालायला विसरले, ती मी घातली.

म्हणून परवा मुलाखती झाल्या. तीन जण आले. तिसरी एक चुणचुणीत मुलगी होती, हिशोबाचे सगळे प्रश्न तिने चटचट सोडवले आणि मग तिने ह्यांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधीच्या बाई किती वर्षं होत्या? हे म्हणाले, एकवीस. मी पलीकडच्या टेबलावर पार्सलांवर पत्ते लिहीत होते. आधीची बाई ती मीच, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने विचारलं, पगार कसा वाढत गेला त्यांचा? ह्यांनी खरं ते सांगितलं, की पगार मागच्या जूनपासून सुरू झाला.

मुलगी गोंधळली. "मग त्याआधी वीस वर्षं त्या का राहिल्या?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची पेन्सिल सरळ केली. म्हणाले, "मी त्यांना कधी विचारलं नाही."

ती सोमवारपासून येते आहे. मागितला तो पगार ह्यांनी एका शब्दात कबूल केला, तुझ्या तीनपेक्षा जास्तच आहे.

मुलगी गेल्यावर हे उठले, दार लावलं, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं.

बराच वेळ बोलत होतो. त्या दिवसाची पार्सलं दुसऱ्या दिवशी गेली.

तुझी मामी